किती बोटं?

शाळेच्या वाटेवर पारावर बसलेली मंडळी तिला थांबवायची. “ए पोरी, ही किती बोटं?” ती डोळे बारीक करायची, मान डाव्या खांद्याकडं कलवायची आणि सांगायची, “तीन.” मग हशा. “दिसतंय की लेकराला!” आणि पोरगी पुढं. किराणा दुकानदार हेच विचारायचा, पाहुणे हेच विचारायचे, दिवाळीला मामा आला की तोही. सात वर्षांच्या आयुष्यात तिनं एवढी बोटं मोजली होती की दहापर्यंतचे अंक शाळेत वेगळे शिकवावे लागले नाहीत. खरं तर बहुतेक वेळा ती अंदाजानंच सांगायची. लोक शक्यतो दोन किंवा तीनच बोटं दाखवतात, हे तिनं केव्हाच हेरलं होतं.

बाईंची आणि तिची गाठ पडली तेव्हा ती दुसरीत होती. बाई म्हणजे विशेष शिक्षिका; मराठवाड्यात, बालाघाटच्या डोंगररांगेतल्या एका तालुक्यात, समग्र शिक्षा योजनेत करारावर काम करणाऱ्या. बसायची जागा पंचायत समितीच्या आवारातलं गट साधन केंद्र, पण बसणं फारसं होत नाही. स्कूटीवर पाय ठेवायच्या जागेत एक भलीमोठी पिशवी. तिच्यात ब्रेल पाटी, जाड काळ्या रेघांच्या वह्या, भिंगं, मणी, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि कुणा ना कुणाच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स. गावोगाव त्यांना मॅडम म्हणतात. स्वतःच्या गावात मात्र त्या अजून ‘अपंगांच्या शाळेतली’ आहेत, जरी अपंगांच्या एकाही शाळेत त्यांनी कधी नोकरी केलेली नाही.

शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. गुरुजींनी बाईंना दारातच गाठलं. “मॅडम, हिचं कायतरी बघा. डोक्यानं हुशार हाय, पण आळशी. फळ्यावरचं उतरवून घे म्हटलं की शेजारणीच्या वहीत डोकं घालती. आणि बसती कशी बघा, मान वाकडी करून. सरळ बस, सरळ बस म्हणून तोंड दुखलं माझं.”

बाई काही बोलल्या नाहीत. तासभर मागच्या भिंतीला टेकून नुसत्या बघत राहिल्या. मुलगी खिडकीसमोर बसली होती आणि खिडकीतून सकाळचं ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. केस पांढुरके, पापण्याही तशाच, कातडी गुलाबी. गावात तिला सरळ ‘गोरी’ म्हणत. बुबुळं एका जागी ठरत नव्हती. घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवीकडं डुलत होती. पुस्तक उघडलं की नाक पानाला टेकायला चार बोटं अंतर उरायचं. कविता म्हणायची वेळ आली तेव्हा मात्र तिनं पुस्तकाकडं न बघता सगळी कविता म्हटली, चालीसकट. आळशी मुलीनं ती कधी पाठ केली, हा प्रश्न गुरुजींना पडला नव्हता.

अशा मुलांच्या शरीरात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य फार कमी तयार होतं. ते फक्त कातडीपुरतं नसतं. डोळ्याच्या घडणीतही त्याचं काम असतं. बुबुळातून जास्तीचा उजेड आत शिरतो, म्हणून ऊन सोसत नाही. दृष्टिपटलाचा नेमका मधला, बारीक बघणारा भाग नीट घडलेला नसतो, म्हणून चष्मा लावला तरी नजर पुरती सुधारत नाही. आणि डुलणारे डोळे एका ठरावीक कोनात नेले की त्यांचं डुलणं कमी होतं. त्या कोनात जास्तीत जास्त स्पष्ट दिसतं. हा कोन मूल स्वतःच शोधून काढतं. कुणी शिकवत नाही. या मुलीला तो मान डावीकडं कलवल्यावर मिळाला होता. म्हणजे गुरुजी हनुवटी धरून तिची मान सरळ करत, तेव्हा तिला मिळत असलेलं जेवढं काही दिसणं होतं, तेही काढून घेत होते. अगदी प्रेमानं.

हे बाईंनी त्यांना बाहेर व्हरांड्यात सांगितलं, वर्गासमोर नाही. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी दीड वरीस तिचा फळा पुसत होतो म्हणा की.”

त्या दिवशी वीस मिनिटांत जे झालं त्याला एक पैसा लागला नाही. मुलीला पहिल्या रांगेत आणलं, खिडकीकडं पाठ करून, आणि मान डावीकडं कलवली की फळा समोर येईल अशा बाजूला. जवळून वाचल्यानं डोळे खराब होत नाहीत, तेव्हा पुस्तक नाकाशी धरलं तर धरू द्यायचं. टोपी वर्गातही घालू द्यायची. आणि फळ्यावर लिहिताना गुरुजींनी तोंडानं बोलत लिहायचं. हे शेवटचं बाईंच्या सगळ्या पिशवीपेक्षा मोलाचं आहे, असं त्या स्वतः म्हणतात. गुरुजींना सवय व्हायला महिना लागला. गंमत अशी की त्या महिन्यात आणखी दोन मुलांची शुद्धलेखनं सुधारली.

इथपर्यंत सोपं होतं. पुढं कागद सुरू झाला.

मोठ्या अक्षरांची पुस्तकं, भिंग, भत्ता, एसटीची सवलत, परीक्षेतला जादा वेळ, या बहुतेक वाटा दिव्यांगत्वाच्या दाखल्यातून जातात. १९९५च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ला लागू झाला आणि ते प्रकार एकवीस झाले. त्या कायद्याचं कलम ३१ सांगतं की चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, पालक निवडतील तिथं. कलम १७ म्हणतं की अशी मुलं शोधण्यासाठी दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायचं. कायदा वाचला की वाटतं, मुलानं फक्त घरात बसून राहावं, सगळं दारात येईल.

दारात आल्या त्या बाई, आणि दारात होती आजी.

“थोडं दिसतंय की हो मॅडम तिला. उगं कशाला आंधळ्याचा शिक्का मारता लेकरावर? उद्या लगीन कसं व्हायचं?”

बाई या वाक्याला सरावल्या आहेत. कुठल्याही गावात, कुठल्याही जातीच्या घरात ते याच शब्दांत येतं. ज्याला अजिबात दिसत नाही त्याच्याविषयी घराला शंका नसते. ज्याला थोडं दिसतं ते मूल कुणाच्याच खात्यात बसत नाही. ते डोळस माणसांत आळशी ठरतं आणि अंधांत ढोंगी. बाईंनी कायदा काढला नाही. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं त्यांना ठाऊक होतं. “आजी, ऑपरेशनच्या आधी ज्वारी कशी निवडायच्या हो तुम्ही?” आजी म्हणाली, “हातानं चाचपून. उन्हात बसलं की तर पांढरं धुक्कंच व्हायचं समदं.” “मग तेव्हा तुम्हाला दिसत होतं का नव्हतं?” आजीनं विचार केला. “दिसतही व्हतं आन् नव्हतंही,” असं म्हणून ती चहा टाकायला उठली. बाईंच्या धंद्यात याला संमती म्हणतात.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता आणि जास्त रास्त होता. जिल्ह्याला, म्हणजे सिव्हिलला, जायचं तर एक दिवस मोडतो. तिथं ठरलेल्या वारीच तपासणी होते. त्याआधी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी, त्यासाठी आधार, आणि आधारचं घोडं इथंच अडलं. बुबुळांचा ठसा घ्यायला डोळे क्षणभर स्थिर लागतात. हिचे डोळे स्थिर राहतच नाहीत. यंत्र पुन्हा पुन्हा नाकारत होतं आणि चालवणारा पोरगा तिच्यावरच ओरडत होता, “हलू नको, हलू नको.” ज्या कारणासाठी कागद काढायचा होता, त्याच कारणानं कागद अडला होता. अशा वेळी अपवाद नोंदवायची तरतूद असते. बाईंनी ती त्याला दाखवून दिली, तेव्हा कुठं काम पुढं सरकलं.

सिव्हिलला पहिली फेरी वाया गेली. डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या फेरीला मुलीला नजर तपासायच्या तक्त्यासमोर उभं केलं तेव्हा बाजूचं दार सताड उघडं होतं आणि बाहेर मे महिना होता. तिनं तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षरही वाचलं नाही. बाईंनी विनंती केली, दार लावून घेता का? दार लागलं आणि मुलीनं मान कलवून पहिलं अक्षर वाचलं, दोन्ही डोळ्यांनी, पाळीपाळीनं. नोंद झाली ६/६०. नीट दिसणारा माणूस जे साठ मीटरवरून वाचतो ते हिला सहा मीटरवरून वाचता येतं, एवढाच या आकड्याचा अर्थ. दाखल्यावर आले चाळीस टक्के. बरोबर उंबरठ्यावर.

इथं थोडं थांबून ही टक्केवारी बघण्यासारखी आहे, कारण याच वर्षी बाईंकडं नववीतला एक मुलगा होता. त्याची केस अगदी उलटी. त्याला तक्त्यावरची जवळजवळ खालची ओळ वाचता यायची. शाळेत झालेल्या चष्मा शिबिरात तर ‘नजर उत्तम’ असा शेरा मिळाला होता. पण पोरगा दिवेलागणीनंतर घराबाहेर पडत नसे. एकदा सायकल घेऊन तो रस्त्यात उभ्या म्हशीवर धडकला होता आणि गावानं ती गोष्ट वर्षभर चघळली. क्रिकेटमध्ये हातात आलेला झेल घ्यायचा, पण पायाशी पडलेला चेंडू त्याला सापडायचा नाही. “सोंग करतंय,” असं पोरं म्हणायची. शिक्षकही.

त्याचे आई-वडील आत्ते-मामे भावंडं. आपल्याकडं मामाची पोर करणं हे नात्यातलं गोड काम समजलं जातं, आणि बहुतेक घरांत त्यानं काही बिघडतही नाही. पण दोघांच्याही अंगात एकच सदोष जनुक लपलेलं असेल तर ते मुलात एकत्र यायची शक्यता वाढते. दृष्टिपटल कडेनं हळूहळू विझत जाण्याचा आजार असाही उतरतो. रातांधळेपणा ही त्याची पहिली खूण. मग दिसण्याचा परीघ आवळत जातो. आपल्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून सुमारे १८० अंशांचं दिसतं. या मुलाचं वीस अंशांच्या आत आलं होतं. बांबूच्या नळीतून बघावं तसं. नळीच्या टोकाला जे येईल ते लख्ख, बाकी काही नाही. चेंडू हातात दिसायचा तो यामुळं, आणि म्हैस दिसली नाही तीही यामुळं.

हा परीघ मोजायचं यंत्र तालुक्याला नसतं. मोजला गेला तेव्हा दाखल्यावर सत्तर टक्के आले. शासनाच्या तक्त्याप्रमाणं ते बिनचूक आहेत. म्हणजे जो पोरगा वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचतो त्याला सत्तर, आणि जी मुलगी पुस्तकाला नाक लावते, उन्हात चालताना डोळे मिटून घेते, तिला चाळीस. सहा मीटरवरचं अक्षर आणि नजरेचा परीघ एवढं तक्ता मोजतो. ऊन मोजायची त्यात सोय नाही. चाळीस ते सत्तर हे अंतर बघून मुलीच्या वडिलांनी विचारलं होतं, “मॅडम, आपलं लेकरू जरा कमी आंधळं निघालं का?” त्यात आनंद होता की तक्रार, हे बाईंना आजही सांगता येत नाही.

नववीतल्या त्या मुलाला पुस्तक, भिंग, लेखनिक यातलं काहीच नको होतं. बाईंनी त्याला चालायला शिकवलं. जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत येईल एवढ्या लांबीची घडीची पांढरी काठी, उजवा पाय पुढं तेव्हा टोक डावीकडं, डावा पुढं तेव्हा उजवीकडं. शाळेचा व्हरांडा, मग गल्ली, मग एसटी स्टँड. काठी त्याच्या दप्तरात असते. गावात तो ती अजून उघडत नाही. गावाची वेस ओलांडली की उघडतो. बाई त्याला आग्रह करत नाहीत. दहावीला तासाला वीस मिनिटं जादा मिळतील हे मात्र त्यांनी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं, कारण नळीतून प्रश्नपत्रिका वाचायची तर पुढची ओळ शोधण्यातच वेळ जातो, आणि परीक्षागृहातल्या पर्यवेक्षकाला हे सांगायला बाई तिथं नसणार होत्या.

मुलीचं दिव्यांगत्वाचं कार्ड टपालानं आलं तोवर ती तिसरीत गेली होती. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये भत्ता आहे, वर्षाचे दहा महिने. वडिलांनी सिव्हिलच्या दोन फेऱ्या आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब मांडला. पहिल्या वर्षाचा भत्ता आधीच खर्च झाला होता. त्यानंतर साहित्य वाटपाच्या शिबिरात तिच्या हातात एक सुंदर पेटी पडली. आत ब्रेल पाटी होती. यादीत ‘दृष्टिदोष’ एवढंच लिहिलेलं, आणि दृष्टिदोष म्हणजे ब्रेल असं कुणीतरी धरलेलं. बाईंनी ती पाटी परत न करता पिशवीत टाकली. ती कुणाच्या कामी आली ते पुढं येईलच.

मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळाली तीही एका अडचणीसकट आली. ती जाड, रुंद आणि जड होती. वर्गात उघडली की सगळ्यांच्या नजरा वळायच्या. महिनाभर मुलीनं ती घरीच ठेवली. शेवटी तोड निघाली ती गुरुजींच्या मोबाइलवर. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. दोन बोटांनी पान मोठं करता येतं. मोबाइल बघायला मिळतोय म्हटल्यावर वर्गातल्या पोरांची कीव एका दिवसात हेव्यात बदलली. घरी वाचायला जाड पुस्तक, शाळेत मोबाइल, असं जमलं. राहिली तिची पाठ. दिवसभर वाकून वाचल्यानं ती दुखायची. तिरकी पाटी विकत मिळते, पण इथं आजी कामाला आली. पारायणाला पोथी ठेवायची लाकडी घडीची चौकट तिनं माळ्यावरून काढली, पुसली आणि नातीपुढं ठेवली. पुस्तक डोळ्यापाशी आलं, पाठ सरळ झाली. बाईंनी नंतर आणखी चार गावांत अशाच चौकटी शोधायला लावल्या. प्रत्येक गावात निदान एक सापडली.

तिसरी गोष्ट एका पूर्ण अंध मुलाची. सातव्या महिन्यात जन्मलेला, सव्वा किलोचा. जीव वाचला याच आनंदात घर होतं. वजन दोन किलोच्या आत असेल किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्म झाला असेल, तर बाळाचं दृष्टिपटल पहिल्या तीस दिवसांत तपासून घ्यावं लागतं. वेळेत कळलं तर लेझरनं पुष्कळदा नजर राखता येते. ही गोष्ट त्या घराला कळली तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. बाईंना तो सापडला सहाव्या वर्षी, अंगणवाडीतल्या ताईंनी सांगितलं म्हणून. शाळेच्या पटावर नव्हता. आई त्याला अजून भरवत होती.

त्याच्याबरोबर सुरुवात अक्षरांनी झाली नाही. ज्वारी, मूग आणि हरभरे एका ताटात मिसळून वेगळे करायचे, इथून झाली. बोटं जागी व्हावी लागतात. मग गोळ्यांचं रिकामं पाकीट, तीन-तीनच्या दोन उभ्या रांगा उरतील असं कापलेलं. डाव्या रांगेत वरून खाली एक, दोन, तीन; उजव्या रांगेत चार, पाच, सहा. लुई ब्रेलच्या सहा ठिपक्यांवर जगातल्या बहुतेक लिपी बसवल्या गेल्यात. आपल्या भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरलं, आणि मराठी त्यातच लिहिली जाते. त्यात वेलांटी, काना वर-खाली-मागं लागत नाहीत. जसं उच्चारायचं त्याच क्रमानं, अक्षरामागून स्वराचं घर. डोळस पोरांना ऱ्हस्व वेलांटी आधी काढून मग अक्षर लिहायचं जे कोडं पडतं, ते या मुलाला पडलंच नाही.

त्याला पडलं ते वेगळं. त्याला पहिला शब्द लिहायचा होता ‘काळी’, त्याच्या शेळीचं नाव. चार घरं. क म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका, मग काना, मग ळ. ळ म्हणजे चौथा, पाचवा, सहावा. घराची सगळी उजवी भिंत. पण ब्रेल पाटीवर कागदाच्या मागून टोचायचं असतं, उजवीकडून डावीकडं. कागद उलटला की अक्षर सुलटं. म्हणजे वाचताना जी उजवी भिंत, ती टोचताना डावी. दोन आठवडे तो चिडला, पाटी फेकली, शेळीचं नाव बदलू म्हणाला. मग एका मंगळवारी बाई पोचायच्या आतच कागद तयार होता. ही पाटी तीच, मुलीला चुकून आलेली.

त्याच्या वडिलांनी त्यानंतर जे विचारलं त्याचं उत्तर द्यायला बाईंना रात्रभर लागलं. “मॅडम, तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा येता. ह्यानं बाकीचे चौदा दिवस काय करायचं?” मुंबईत दादरला १९०० साली आणि ताडदेवला १९०२ साली अंधांसाठी शाळा निघाल्या, त्या निवासी शाळांची परंपरा राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. आजचं धोरण मात्र सांगतं, मूल शक्यतो गावच्या शाळेत, बरोबरीच्या पोरांत वाढावं. बाईंची नेमणूकच त्या धोरणासाठी आहे. तरी त्यांनी वडिलांना सांगितलं, ह्याला आत्ता रोज ब्रेल शिकवणारं माणूस पाहिजे; निवासी शाळेत टाका. काही सहकाऱ्यांना ही हार वाटली. बैठकीत तसं बोलूनही दाखवलं गेलं. ज्यांना ती हार वाटते त्यांनी पंधरवड्यातून एकदा बाराखडी शिकून बघावी. मुलगा आता तिथं चौथीत आहे. आठवीला तो परत गावच्या शाळेत येईल असं ठरलंय. उन्हाळ्यात घरी आला की त्याच्याबरोबर ‘स्पर्शज्ञान’चे जुने अंक असतात, स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केलेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक. तो अंधारात, वीज गेलेली असताना, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवतो. त्या घरात अंधारात वाचू शकणारा तो एकटाच.

पंधरा दिवसांचं हे गणित बाईंच्या आळसाचं नाही. त्यांनी दृष्टिदोष या विषयात विशेष बी.एड. केलंय, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे, पण तालुक्यात त्यांच्या वाट्याला बहिरी मुलं आहेत, मतिमंद आहेत, सेरेब्रल पाल्सीची आहेत, आणि सगळी मिळून चाळीसेक गावांत विखुरलेली. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली सांगितलं की प्राथमिकला दर दहा दिव्यांग मुलांमागं आणि त्यावरच्या वर्गांना दर पंधरांमागं एक विशेष शिक्षक हवा. राज्य सरकारनं २०२४ मध्ये केंद्रपातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करायचा निर्णय घेतला. बाईंनी त्या बातमीचं कात्रण गट साधन केंद्रातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, सासूबाईंनी दिलेल्या गणपतीच्या फोटोशेजारी.

दसरा झाला की या तालुक्यात वेगळीच हालचाल सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे ‘कोयते’, ट्रकवर संसार चढवतात आणि साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. शाळेचा पट अर्धा होतो. मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण या मुलीचं नाव निघालं तेव्हा तिथल्या माणसानं हात वर केले. “नजरेचं लेकरू. रातच्याला पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची?” आजी घरी होती, पण त्या वर्षी तिलाच जिल्ह्याला न्यायचं चाललं होतं. तेव्हा मुलगीही आई-बापाबरोबर निघाली. उसाच्या फडात, कोपीवर, दिवसभर उघड्या उन्हात. ज्या उन्हाकडं पाठ फिरवायला दीड वर्ष लागलं होतं, त्याच उन्हात ती पाच महिने राहणार होती.

बाई आदल्या संध्याकाळी गावात पोचल्या. रुंद काठाची टोपी, लांब बाह्यांचे दोन झगे, भिंग, मोठ्या अक्षरांचं मराठीचं पुस्तक. गणिताचं बसलं नाही. कारखान्याजवळ जी शाळा असेल तिथल्या शिक्षकांसाठी एक चिठ्ठी लिहायची म्हणून त्या वट्यावर बसल्या. ट्रकमध्ये चुली आणि शेरडं चढत होती. कार्ड देशात कुठंही चालतं, हे वडिलांना पुन्हा एकदा सांगून झालं. मग बाईंनी मुलीलाच विचारलं, “तू सांग, काय काय लिहू?”

चिठ्ठीची झेरॉक्स बाईंच्या डायरीत आहे. तिच्यात सहा ओळी आहेत. पहिल्या रांगेत बसवावं. खिडकीकडं पाठ असावी. मान कलवून बसू द्यावं. टोपी घालू द्यावी. फळ्यावर लिहिताना बोलत लिहावं. सहावी ओळ मुलीनं सांगितली तशीच, तिच्याच शब्दांत उतरवलेली आहे: ‘मला किती बोटं ते विचारू नये.’